सूचना क्रमांक एक्केचाळीस

सूचना क्रमांक एक्केचाळीस माझी. आता लपवून काय उपयोग? अख्ख्या भोरवडला ठाऊक आहे. नगरपालिकेनं कचऱ्याच्या नव्या धोरणावर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, आणि मी, शशिकला मधुसूदन तगारे, निवृत्त विज्ञान शिक्षिका, पोस्टल कॉलनीची स्वच्छता प्रमुख, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं: 'नियम मोडणाऱ्या घराचे नाव चौकातील फलकावर, किमान चार इंची अक्षरांत, महिनाभर लावावे.' खाली तीनशे बारा सह्या. दारोदार फिरून मी त्या गोळा केल्या. कुणी कां-कू केलं की विचारायची, "का हो, तुमच्या कचऱ्यात लपवण्यासारखं आहे तरी काय?" मग काय बिशाद! माणूस मुकाट्यानं सही करायचा.

हे सगळं त्या नाकाडीमुळे सुरू झालं. नाकाडी म्हणजे आमची नवी घंटागाडी. कागदोपत्री तिचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण तिच्या पुढच्या बाजूला हत्तीच्या सोंडेसारखी एक रबरी नळी होती आणि ती प्रत्येक पिशवीजवळ जाऊन हवा ओढायची, म्हणून पोरांनी तिला नाकाडी म्हणायला सुरुवात केली आणि तेच पडलं.

तिच्या पोटातलं शास्त्र मला इतकं आवडलं होतं की कॉलनीच्या बैठकीत मी खडू घेऊन फळ्यावर समजावून सांगितलं. आपल्या कातडीवर कोट्यवधी जिवाणू राहतात. कुणाच्या अंगावर कुठले, किती, हे ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. एका घरात राहणाऱ्यांचे जिवाणू एकमेकांत मिसळतात, त्यात त्या घरचं पाणी, फोडणी, उंबऱ्यावरची माती यांची भर पडते, आणि त्या घराचा म्हणून एक ठसा तयार होतो. तुम्ही पिशवीला गाठ मारलीत की तो ठसा गाठीवर राहिलाच. नाकाडीत नखाएवढी एक चकती होती, तिच्यावर हजारो बारीक खळगे. एकेका खळग्यात एकेका जिवाणूच्या जनुकाचा तुकडा, आपल्या जोडीदाराची वाट बघत बसलेला. जोडीदार भेटला की खळगा उजळतो. कुठले खळगे उजळले त्यावरून चाळीस सेकंदांत घर कळतं. त्यासाठी पालिकेनं आधी प्रत्येक दाराच्या कडीवरून कापूस फिरवून नमुने नेले होते. गाडीवरच्या माणसांचेही नेले होते, म्हणजे त्यांचे हात हिशेबातून वगळता यावेत.

कंपनीचा निहार नावाचा मुलगा जोडीला असायचा. गुणी पोरगा. तो म्हणाला होता, "बाई, खोलवर तपासलं तर हे वयसुद्धा सांगतं. बाई की पुरुष, औषधं कुठली चालू आहेत, सगळं. लोकांना आवडेल का?"

"न आवडायला काय झालं? कर नाही त्याला डर कशाला!" मी म्हणाले. मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

पहिला पंधरवडा नाकाडी फक्त आमच्या कॉलनीत फिरली. प्रयोग म्हणून. तेरा नंबरवाले ओल्या कचऱ्यात प्लास्टिक घालतात, सहा नंबरची सून उरलेली भाजी डब्यासकट फेकते, सगळं बाहेर आलं. मला तर दिवाळीच. पण एक गोष्ट जुळेना. रोज एखाददुसरं लाल ठिपक्याचं पाकीट निघायचं आणि नाकाडी सांगायची, घर नाही. लाल ठिपका म्हणजे वापरलेली पॅड किंवा डायपर. ती वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उचलणाऱ्याला कळतं, हा नियम आमच्याकडे फार जुना. या पाकिटांच्या वरच्या कागदावर एकाच माणसाचे हात होते. छबूचे. गाडीवरच्या छबू वायदंडेचे. तिचे हात वगळले की खाली शून्य.

निहार म्हणाला, "आतला नमुना घेऊ का?"

"काही गरज नाही," मी म्हणाले. "हात कुणाचे ते कळलं ना? झालं तर."

जन्मभर पोरांना शिकवलं, निरीक्षण पूर्ण झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. आणि स्वतः काय केलं? मी मनात चित्र रंगवून मोकळी झाले. गावातल्या खाजगी दवाखान्यांचा घाण कचरा काही गाडीवाले चिरीमिरी घेऊन आपल्या गाडीत घालतात, असं ऐकलं होतं. छबू तेच करत असणार. दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फाटकापाशी उभं केलं. पाच-सहा जण जमले. हे, म्हणजे आमचे पती, व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"छबू, कुठनं आणतेस गं ही पाकिटं?"

पंचेचाळिशीची बाई, पण चुकलेल्या पोरीसारखी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"तोंड उघड की. बावीस वर्षं या कॉलनीचं खाल्लंस आणि आता हे?"

तिनं एकदा व्हरांड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चुकलं आसंल, बाई."

"आसंल नाही. आहे!"

हे पेपर घडी करून आत निघून गेले. मला राग आला. चारचौघांत बायको गावाचं काम करतेय आणि हा माणूस आत जातो! त्याच दिवशी मी तक्रार लिहिली. छबूला कामावरून उतरवलं. कायमचं काढायचं की काय, ते या धोरणाच्या जनसुनावणीत ठरणार होतं.

त्यानंतर यांचं एक नवीन खूळ सुरू झालं. रोज अकरा वाजता फाटकाशी उभं राहून पोस्टमनची वाट बघायची. जन्म पोस्टात गेला, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा मला वाटलं, जुनी सवय. मी चिडवायची, "काय हो, कुणाची प्रेमपत्रं यायची आहेत?" ते हसायचे. "पोहोचपावती यायचीय," म्हणायचे. कसली ते मी विचारलं नाही. आमच्या घरात प्रश्न मी विचारते, पण उत्तर ऐकायला थांबतेच असं नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, दुपारी चार वाजता, माझ्या फोनवर नाकाडीचा अहवाल आला. स्वच्छता प्रमुख म्हणून तो आधी मला यायचा, चोवीस तासांनी सगळ्यांना. छबू गेल्यावर गाडीवर जो नवा माणूस आला होता, तो कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटात कधी वाकायचा नाही. तिथं चार पाकिटं साठली होती. या खेपेला त्यांच्यावर वर्तमानपत्र नव्हतं की लाल ठिपका नव्हता. नाकाडीनं ती हुंगली आणि चाळीस सेकंदांत सांगितलं: घर क्रमांक चौदा.

चौदा नंबर आमचा.

"यंत्र बिघडलं!" मी एकटीच मोठ्यानं म्हणाले. निहारला झापायला फोन उचलला. तेवढ्यात खालचा फोटो दिसला. खाकी कागदाचं पाकीट, कडा सरळ दुमडलेल्या, वर पांढरा सुती दोरा उभा-आडवा, आणि मधोमध ती गाठ. दोन वेढे, एक उलटा, टोक आत खोचलेलं. ती गाठ मी चव्वेचाळीस वर्षं बघतेय. लेकीला पाठवलेल्या फराळाच्या डब्यांवर, पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर, रद्दीवरसुद्धा. अशी गाठ भोरवडमध्ये दुसरं कुणी मारत नाही. त्या गाठीसाठी मला कुठल्या नाकाडीची गरज नव्हती.

मी खाटेवर बसले. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दीड वर्षापूर्वी त्यांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. नंतर ते बाहेरच्या खोलीत झोपायला लागले, "तुला माझ्या घोरण्याचा त्रास होतो" म्हणून. मला बरंच वाटलं. लग्नकार्याला येईनासे झाले. आपले कपडे आपण धुवायला लागले, तर मी बायकांत मिरवलं, "आमच्या ह्यांना उतारवयात शहाणपण आलं." आणि रोज पहाटे कापडी पिशवी घेऊन फुलं आणायला जायचे. पिशवी जाताना भरलेली असते आणि येताना हलकी, हे मला दीड वर्षात दिसलं नाही. गावाच्या बादल्या उपसत होते ना मी!

आणि आणखी एक आठवलं. ते आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. दवाखान्यातून आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी चादर ओली झाली होती. घरात व्याही आले होते. मी ती चादर दोन बोटांत धरून सगळ्यांसमोरून नेली आणि हसत हसत म्हणाले, "अहो, लहान बाळ आहात का?" सगळे हसले. हेही हसले. त्यानंतर चादर कधी ओली झाली नाही.

त्यांच्याशी बोलायचं धैर्य मला झालं नाही. ते व्हरांड्यात बसले होते, मी मागच्या दारानं निघाले आणि नदीपलीकडच्या वस्तीत छबूचं घर विचारत गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं मला बघितलं आणि पटकन खुर्चीवरचे कपडे उचलले. चहा टाकला. आमच्याकडे तिचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. तिनं मला फळीवरचा, सोनेरी काठाचा, बशीचा कप दिला.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापास्नं. पलाटावर दिसलं मास्तर एकदा. मला बघून मान खाली घातली त्यांनी. बाच्या वयाचा मानूस, बाई. मी गाडी फुडं घेतली. मग रोज आधी पलाटावर जायाची, कागदात गुंडाळायची, ठिपका काढायची आन गाडीत टाकायची. तेंनी मला कधी सांगितलं न्हाई, मी बी कधी इचारलं न्हाई."

"मग फाटकापाशी का नाही बोललीस? मी एवढं तोंडसुख घेतलं तुझ्यावर. नोकरी गेली तुझी!"

छबूनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळूच म्हणाली, "तुमी मला सहावीला हुता, बाई. आठवत न्हाई न्हवं?"

आठवत नव्हतं. खरंच नव्हतं.

"दर सोमवारी तुमी नखं बघायचा. ज्याची घान, त्याचं नाव फळ्यावर, आठवडाभर. आमच्याकडं मी आईसंगट कचरा येचाया जायाची, नखं कशी ऱ्हात्याल चांगली? माझं नाव कायम वर. दिवाळीनंतर मी साळंतच आले न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "फळ्यावर नाव लागलं की कसं वाटतं, मला ठावं हाय. मास्तरांचं कशाला लागू द्यायचं, म्हटलं."

माफी मागायला गेले होते, पण जन्मात कधी मागितली नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात हेच ठाऊक नव्हतं. "उद्या सुनावणीला ये," एवढंच म्हणाले. आणि तेही हुकूम दिल्यासारखं.

रात्रभर विचार करून एक तोड काढली. खोटं बोलायचं. पाकिटं माझी आहेत, म्हणायचं. अडुसष्ट वर्षांची बाई आहे मी, कुणाला नवल वाटणार? छबू सुटेल, ह्यांची अब्रू राहील, माझी गेली तर गेली.

सभागृह खच्चून भरलं होतं. मुख्याधिकारी बाई मध्ये, शेजारी निहार, आणि बाजूला सुतार कारकून एकेक सूचना एका सुरात वाचत होता. एक्केचाळीसवी वाचली गेली. मी उठले. "मला ती मागे घ्यायची आहे."

लोक हसले. तगारे बाई थट्टा करताहेत असं वाटलं त्यांना. मुख्याधिकारी म्हणाल्या, "बाई, तीनशे बारा सह्या आहेत. एकट्या तुम्हाला कशी मागे घेता येईल?" हात वर करायला सांगितलं. हातांचं जंगल उभं राहिलं. माझ्याच तोंडचं वाक्य मागून कुणीतरी म्हणालं, "लपवण्यासारखं आहे तरी काय?" आणि टाळ्या पडल्या. सूचना मंजूर.

शेवटी छबूचा विषय निघाला. ती दाराशी, भिंतीला टेकून उभी होती. मी पुन्हा उठले.

"छबूचा काही दोष नाही. ती पाकिटं माझी आहेत. मला त्रास आहे. मी प्लॉटात टाकत होते, ती बिचारी उचलत होती."

मला वाटलं, जमलं. तेवढ्यात निहारनं समोरच्या पडद्याकडे बघितलं आणि घसा साफ केला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. यंत्र बरोबर की चूक, एवढंच त्याला ठाऊक.

"सॉरी मॅडम, पण काहीतरी गफलत होतेय. काल चारही पाकिटांचा आतला नमुना घेतला. तो पुरुषाचा आहे. वय सत्तरच्या पुढे. शस्त्रक्रियेनंतर देतात ती औषधंही..."

"निहार, पुरे," मी म्हणाले.

पण चौदा नंबरमध्ये सत्तरीपुढचा पुरुष एकच. माना वळायला लागल्या, कुजबूज सुरू झाली. मुख्याधिकारी बाईंनी विषय पुढे नेण्यासाठी घाईघाईनं सुतारला विचारलं, "यावर आणखी काही आलंय?"

"एक आहे. शेवटची. सत्तावन्न. टपालानं आलीय, पोहोचपावतीवर सही घेऊन." आणि त्यानं पाकीट उघडून, वर न बघता, त्याच सुरात वाचायला सुरुवात केली.

"महोदया, पोस्टल कॉलनीतील मोकळ्या प्लॉटवर सापडणारी पाकिटे माझी आहेत. शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा राहिलेला नाही. श्रीमती छबू वायदंडे यांनी ती केवळ उचलली व मला लाज वाटू नये म्हणून गप्प राहिल्या. त्यांच्यावर आरोप झाला तेव्हा मी हजर होतो व बोललो नाही, याची मला फार शरम वाटते. त्यांना सन्मानाने कामावर घ्यावे. होईल ती शिक्षा मला मान्य आहे. सदर बाब माझ्या पत्नीस कळवू नये, ही नम्र विनंती. आपला विश्वासू, मधुसूदन रामचंद्र तगारे. सोबत, काही नाही."

'पत्नीस कळवू नये' हे वाचून झाल्यावर सुतारच्या लक्षात आलं आणि त्यानं पहिल्यांदाच वर बघितलं. माझ्याकडे. मग सगळ्यांनीच बघितलं. कुणी हसलं नाही. दाराशी छबूनं तोंडाला पदर लावला होता.

घरी आले तेव्हा हे फाटकाशी उभे होते. हातात पोहोचपावती. ती त्यांना अकरा वाजता मिळाली होती.

"वाचली का त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"वाचली. छबूला उद्यापासून कामावर घेतलंय." मग मला राहवेना. "अहो, एवढं सांगायला टपाल कशाला हवं होतं? मी घरात नव्हते का?"

त्यांनी पावतीची घडी करून खिशात ठेवली. रागानं नाही. "होतीस ना," ते म्हणाले. "म्हणून तर."

मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. ते शेजारी बसले, पण हात धरायला जरा वेळ लागला त्यांना. माझ्यापाशी बसायचीही भीती घातली होती मी त्या माणसाला.

एक तारखेला धोरण लागू झालं. प्रयोगाच्या काळातल्या चुकांसकट. चौकात फलक लागला, त्यावर पहिलंच घर चौदा नंबर. घर माझ्या नावावर आहे, त्यामुळे नाव माझं: शशिकला मधुसूदन तगारे. अक्षरं चार इंची, सांगितल्याप्रमाणे. ह्यांचं नाव मध्ये अडकलंय, तेवढं सलतं.

आता आमचं पाकीट मी गुंडाळते. वर्तमानपत्रात, वर लाल ठिपका. फाटकावर न ठेवता भर सकाळी हातात घेऊन चौकापर्यंत जाते, कारण छबूची नाकाडी तिथं थांबते. पहिले तीन दिवस मला काही कळलं नाही. चौथ्या दिवशी कळलं. चौकात एवढी जागा असून छबू गाडी बरोबर त्या फलकाला लावून उभी करायची. तिथली घरं संपेपर्यंत अर्धा तास फलक कुणाला दिसायचा नाही.

"छबू," मी म्हणाले, "गाडी पुढे घे. दिसू दे ते."

तिनं माझ्या हातातलं पाकीट घेतलं आणि नीट कोपऱ्यात ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या की बाई. हितं सावली बरी हाय."

"अगं कसली सावली? साडेसात वाजलेत, ऊन तरी आलंय का अजून?"

ती घंटा वाजवत पुढच्या घराकडे निघून गेली. गाडी तिनं हलवली नाही.